कोल्हापुरात नवीन आलात? पाऊस लागायच्या आत डिश बसवा

शिवाजी विद्यापीठात शिकायला किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला आलेल्या माणसाला इथलं फुटबॉलवेड पहिल्याच वर्षी कळतं. वर्ल्डकप तोंडावर आला की पेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे फलक चढतात आणि चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न येतो, "भावा, कुणाचा?" खोलीवर टीव्ही आहे पण महिन्याचं रिचार्ज नको, अशांनी पुढचं वाचावं.

फुकट म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. मोठ्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं लागतं, असा २००७ चा कायदा आहे. पण तो सरकारच्या यादीतल्या ठरावीक सामन्यांपुरता आहे. फुटबॉल वर्ल्डकपचे उपांत्य आणि अंतिम सामने त्यात येतात. साखळीतला प्रत्येक सामना येत नाही. दुसरी अट जास्त लोकांना फसवते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानुसार असा मिळालेला सिग्नल दूरदर्शनला फक्त स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर (अँटेनानं पकडायचं ते) आणि डीडी फ्री डिश या स्वतःच्या मोफत डीटीएच सेवेवर दाखवता येतो. त्यामुळे "केबलवर डीडी स्पोर्ट्स लागतंय की, डिश कशाला?" हा हिशेब ऐन सामन्याला चुकतो. केबलवर आणि खासगी डीटीएचवर त्या वेळी दुसरंच काहीतरी चालू असतं. गच्चीवरचा जुना काड्यांचा अँटेनाही आता कामाचा नाही. २०२२ चा वर्ल्डकप जिओसिनेमावर फुकट होता, पण हक्क दर वेळी नव्यानं विकले जातात, तेव्हा त्या भरवशावर बसू नका.

म्हणजे फ्री डिश. ६० सेंटिमीटरची डिश, एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग), सेट-टॉप बॉक्स आणि वायर असा संच साधारण दीड-दोन हजारांत येतो. नंतर महिन्याचा खर्च शून्य. बॉक्स घेताना एमपेग-४ चाच (हा चित्र दाबून पाठवायचा नवा प्रकार) मागा. जुना एमपेग-२ चा स्वस्तात मिळतो, पण त्यावर सगळी चॅनेल लागत नाहीत. वायर आरजी-६, शक्यतो २०-२५ मीटरच्या आत आणि मध्ये जोड नसलेली.

भाड्याच्या घरात अडतं ते घरमालकांपाशी. स्लॅबला भोक पाडलं की जूनमध्ये खालच्या खोलीत गळती, ही त्यांची भीती खरी आहे. "काका, स्लॅबला हात लावत नाही, कठड्याला बाहेरून फास्टनर मारतो," म्हणा. तेही नको असेल तर लोखंडी स्टँड घ्या आणि त्याच्या पायांवर सिमेंटचे ठोकळे किंवा वाळूची पोती ठेवा. पत्र्यावर मात्र कधीच नको. वाऱ्यानं पत्रा थरथरतो आणि चित्र जातं. स्टँडचा खांब ओळंब्यात उभा हवा. तो तिरका असेल तर पुढचे सगळे अंश खोटे पडतात.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. कोल्हापुरातून तो आग्नेयेला, उत्तरेपासून १२९ अंशांवर आणि क्षितिजापासून ६० अंश वर येतो. होकायंत्र नसलं तरी चालेल: गच्चीवर पन्हाळ्याकडे सरळ पाठ करून उभे राहा, तुमचं तोंड जवळपास नेमकं उपग्रहाकडे होतं. (हे उघडिपीतच करा, पावसाळ्यात पन्हाळा ढगात असतो.) उपग्रह एवढा उंच असल्यानं समोरच्या इमारतीला घाबरायचं कारण नाही. ६ मीटरवरची भिंत डिशहून १० मीटर उंच असेल तरच आड येते. अगदी लगतचं नारळाचं झाड मात्र टाळा. डिश ऑफसेट प्रकारची असते (सिग्नल सरळ समोरून नव्हे, थोडा वरून घेणारी), म्हणून तिचं तोंड डोळ्यांना ६० नव्हे, ३५ अंशांच्या आसपासच वर दिसतं. ते चुकलंय समजून ती आणखी उताणी करू नका. डिशच्या मागच्या कंसावरचे (ब्रॅकेटवरचे) आकडे बघा.

बॉक्समध्ये एलएनबी 'युनिव्हर्सल', म्हणजे ९७५०/१०६००, निवडा आणि ११०९०, व्ही, २९५०० हा ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा एक प्रक्षेपक; आकडे फ्रिक्वेन्सी, ध्रुवण आणि सिम्बॉल रेटचे) लावून सिग्नलची पट्टी उघडा. पट्ट्या दोन असतात. स्ट्रेंग्थ वायर जोडल्या जोडल्याच भरून दिसते, तिच्यावर जाऊ नका. बघायची ती क्वालिटी. स्ट्रेंग्थ ८० आणि क्वालिटी शून्य म्हणजे वायर ठीक, डिशचं तोंड चुकलंय. बोटभर सरकवा, तीन सेकंद थांबा, मग पुन्हा. बॉक्स उशिरा सांगतो, आणि घाई करणाऱ्याच्या हातून नेमकी जागा निसटून जाते. क्वालिटी आली की एलएनबी त्याच्या पकडीत फिरवून बघा. इथून तो सरळ उभा नव्हे, ४५-५० अंश तिरका बसतो. बरेच फिटर तो सरळ ठेवून पैसे घेऊन जातात. कोरड्या दिवशी चित्र येतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

लक्षात येतं ते पावसात. २०२६ चा वर्ल्डकप ११ जून ते १९ जुलै, म्हणजे आपल्याकडं ऐन धो धो पावसाचा काळ. डिशवर येणारा केयू बँडचा (उच्च फ्रिक्वेन्सीचा) सिग्नल जाड सरीत शोषला जातो आणि चित्र चौकड्या पडून थांबतं. त्यावर औषध नाही, पण कोरड्यात जेवढी क्वालिटी जास्त मिळवून ठेवाल तेवढी सर सोसते. म्हणून हे काम मे महिन्यातच. सर ओसरल्यावरही चित्र आलं नाही तर एलएनबीच्या एफ कनेक्टरमध्ये (वायर जोडायच्या पेचाच्या टोकात) पाणी गेलंय, नाहीतर वाऱ्यानं डिश हललीय. कनेक्टरवर रबरी टेप गुंडाळा आणि त्याखाली वायरचा एक लोंबता वळसा सोडा, पाणी तिथूनच ठिबकतं. नट पक्के झाले की खांबावर मार्करनं खूण करून ठेवा. सामन्याच्या आदल्या दिवशी चॅनेल पुन्हा स्कॅन करा. फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव होतो आणि चॅनेलचे क्रमांक बदलतात.

वेळांत घोळ होतो तो तारखेचा. मेक्सिको सिटीतला ११ जूनचा उद्घाटनाचा सामना आपल्याकडं १२ तारीख लागल्यावर, मध्यरात्री साडेबाराला. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, मेक्सिको सिटी साडेअकरा, लॉस एंजेलिस साडेबारा. तिकडं संध्याकाळी सहाला सुरू होणारा लॉस एंजेलिसचा सामना इथं दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला लागतो. संपला की मिसळ आणि ब्रेड. अंतिम सामना रविवारी, १९ जुलैला, म्हणजे आपल्याकडं सोमवार लागल्यावर, मध्यरात्री साडेबाराला.

मोबाइलवर पाहणाऱ्यांनी पेठेत खोली घेतली असेल तर एक ध्यानात ठेवा. मोबाइलचं चित्र डिशच्या चित्रापेक्षा उशिरा येतं, त्यामुळे गोल आधी गल्लीत ऐकू येतो, मग तुमच्या पडद्यावर दिसतो.

तालमीनं (पेठेतल्या मंडळानं; इथले फुटबॉल संघ तालमींचेच) चौकात पडदा लावला तर बाहेरच्यालाही जागा मिळते. लवकर जा, मागं बसा, वर्गणी मागितली तर द्या. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असल्यानं आवाज बारीक असतो, समालोचनाची अपेक्षा धरू नका. आणि ब्राझील-अर्जेंटिनावर हवी तेवढी चेष्टा करा; तालमींवर नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ कशी खेळतात, ते पाहिल्याशिवाय त्यावर मत देऊ नये. २०१७ ला भारतात झालेल्या १७ वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, हे मात्र माहीत असू द्या. टपरीवर कुणीतरी विचारतंच.