माणूस ओलीस असताना माईकसमोर या चुका टाळा

कुणाचं अपहरण झालं की पोलिसांमागोमाग पुढारी पोहोचतात आणि पुढाऱ्यांमागोमाग कॅमेरे. घरच्यांना धीर द्यायला जाणं चूक नाही. पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आपण बोललेलं वाक्य काही मिनिटांत कन्नड आणि मराठी दोन्ही चॅनेलवर फिरतं, आणि अपहरणकर्त्याच्या मोबाईलवरही जातं. तोंड उघडण्याआधी एवढं लक्षात ठेवा, तोही ऐकतोय.

सगळ्यात घातक म्हणजे आतली माहिती फोडणं. १९७७ साली लुफ्तान्साचं अपहृत विमान दुबईत होतं. अपहरणकर्ते किती आहेत, हे कॅप्टन युर्गेन शुमान यांनी खुणेनं बाहेर कळवलं. दुबईच्या संरक्षणमंत्र्यांनी ते पत्रकारांना सांगून टाकलं. बातमी विमानात पोहोचली आणि शुमान यांना जिवे मारण्याची धमकी मिळाली. पुढे एडनमध्ये त्यांना गोळी घातली गेली. आतून माहिती देणाऱ्याचं कौतुक करायचं तर माणसं सुखरूप सुटल्यावर करा. ‘पथक जांबोटीकडे गेलंय’, ‘बेळगावहून कमांडो निघालेत’ हे कॅमेऱ्यासमोर नकोच. २६/११ च्या थेट प्रक्षेपणावर सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये कडक ताशेरे ओढले. २०१५ पासून दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण चॅनेलना करता येत नाही, नेमलेला अधिकारी सांगेल तेवढंच दाखवायचं. नियम चॅनेलसाठी आहे, पण फेसबुक लाईव्ह करणाऱ्या कार्यकर्त्यानंही तो पाळावा.

दुसरी चूक थेट दारात होते. खानापूरकडच्या एखाद्या घरापुढं गर्दी जमलेली असते. ज्या काकांच्या फोनवर खंडणीचे कॉल येतात, त्यांच्याच खांद्यावर हात ठेवून नेते बाईट देतात, ‘पैशाची काळजी करू नका, लागतील तेवढे उभे करू.’ मागं नवं घर, दारातली गाडी, सगळं फ्रेममध्ये. झालं, खंडणीचा आकडा वाढला. ‘पैसे जमायला चार दिवस लागतील’ असं काकांकडून बोलवून घेऊन पोलीस वेळ काढत होते, तो डावही मोडला. उलट ‘एक पैसा देणार नाही, सापडला की जिवंत सोडणार नाही’ ही गर्जनाही तितकीच वाईट. सुटायची वाटच उरली नाही असं वाटलं, तर तो ओलिसाला कशाला जपेल?

आणि आपल्या भागात सगळ्यात जपायचं ते भाषेचं. ३० जुलै २००० रोजी चंदनतस्कर वीरप्पननं कन्नड अभिनेते डॉ. राजकुमारांना गाजनूरच्या घरातून नेलं, ते १०८ दिवसांनी सुटले. मागण्यांत कावेरीचं पाणी होतं, तमिळचा दर्जा होता. त्या दिवसांत बेंगळुरातल्या तमिळ माणसांवर काय दडपण आलं असेल, हे सीमाभागात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. म्हणून संशयिताचं आडनाव कन्नड की मराठी, कुठलं सरकार झोपलंय, यावर बोलूच नका. सीमाप्रश्नाची लढाई आपली खरी आहे, पण ती कुणाच्या पोराच्या जिवावर लढायची नाही. राजकुमारांच्याच प्रकरणात टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालचे कैदी सोडायची तयारी सरकारनं दाखवली, ती सुप्रीम कोर्टानं अडवली. हातात नसलेल्या गोष्टीचा शब्द द्यायचा नाही, तो इथंच अंगलट येतो.

घटनेला छोटी म्हणू नका. तासगावच्या आर. आर. आबांसारख्या लोकांत मिसळणाऱ्या नेत्याला २६/११ नंतर अशाच एका वाक्यापायी गृहमंत्रिपद सोडावं लागलं.

इराकमधल्या मोसुलमध्ये अपहरण झालेल्या ३९ भारतीयांच्या मृत्यूची घोषणा २० मार्च २०१८ ला राज्यसभेत झाली, आणि अनेक नातेवाइकांना ती टीव्हीवरून कळली. चांगली असो वा वाईट, बातमी आधी घरात जायला हवी.

बोलून चुकलाच असाल तर लगेच खुलासा करायला धावू नका. ‘पोलीस जांबोटीत नाहीत’ असा खुलासा म्हणजे जांबोटीचा दुसऱ्यांदा उच्चार. आधी शहरात पोलीस आयुक्तांना, तालुक्यात एसपींना फोन करा, नेमकं काय बोललात ते शब्दशः सांगा. त्यांना डाव बदलावा लागेल. व्हिडिओ काढायचा की तसाच ठेवायचा, हे त्यांनाच ठरवू द्या. मग कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर फॉरवर्ड थांबवायला सांगा. पत्रकारांना दोन्ही भाषांत एकच लिखित वाक्य द्या, ‘आम्ही कुटुंबासोबत आहोत, माहिती पोलीस देतील.’ आणि त्या घरी पुन्हा जायचं असेल, तर कॅमेऱ्याशिवाय जा.