राष्ट्रपतिपदाआधीची सभागृहातील कारकीर्द कशी अभ्यासावी : प्रतिभाताई पाटील यांच्या निमित्ताने

राष्ट्रपती झालेल्या व्यक्तीच्या चरित्रात विधिमंडळातील वर्षे बहुधा एका परिच्छेदात आटोपलेली असतात. अमुक साली आमदार, तमुक साली मंत्री, पुढे खासदार, अशा यादीवरून त्या व्यक्तीने सभागृहात नेमके काय केले हे कळत नाही. ते शोधायचे असेल, तर कारकिर्दीचे भाग निवडणुकांच्या मुदतींप्रमाणे न पाडता, ती व्यक्ती सभागृहात कोणत्या जागेवर बसत होती त्याप्रमाणे पाडावेत, असे माझे मत आहे. कारण जागा बदलली की बोलण्याचे अधिकार बदलतात आणि मागे राहणाऱ्या नोंदीचे स्वरूपही बदलते. प्रतिभाताई पाटील यांची कारकीर्द या पद्धतीने अभ्यासण्यास विशेष सोयीची आहे, कारण साधी सदस्य, मंत्री, विरोधी पक्षनेता आणि पीठासीन अधिकारी (सभागृहाचे कामकाज चालवणारी व्यक्ती) या चारही भूमिका त्यांच्या वाट्याला आल्या.

प्रथम निवडणूक आयोगाच्या अहवालांवरून कालक्रम पक्का करावा. १९६२ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्या जळगावमधून विधानसभेवर निवडून आल्या. त्यानंतर १९६७, १९७२, १९७८ आणि १९८० अशा सलग चार निवडणुका त्यांनी एदलाबादमधून जिंकल्या. १९८५ ते १९९० त्या राज्यसभेत होत्या आणि १९९१ मध्ये अमरावतीतून लोकसभेवर गेल्या. येथे नावांकडे लक्ष ठेवावे. एदलाबादचे आजचे नाव मुक्ताईनगर असल्यामुळे केवळ नव्या नावाने शोध घेतल्यास जुन्या नोंदी हाती लागत नाहीत. त्यांचा विवाह १९६५ मध्ये झाला, त्यामुळे व्यक्तीचे नावही वडिलांच्या आणि पतीच्या अशा दोन्ही नावांसह तपासून पाहावे.

कालक्रम हाती आल्यावर सभागृहाच्या कामकाजाच्या छापील खंडांकडे वळावे. राज्याचे खंड विधानमंडळाच्या ग्रंथालयात, तर संसदेच्या दोन्ही सभागृहांतील चर्चा संकेतस्थळांवरही वाचता येतात. साध्या सदस्याच्या काळासाठी तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणाऱ्या), कपात सूचना (खात्याच्या मागणीतील रक्कम कमी करण्याच्या) आणि अर्थसंकल्पावरील भाषणे पाहावीत. येथे सदस्याने स्वतः निवडलेले विषय दिसतात, म्हणून हा भाग संख्येने लहान असला तरी मोलाचा असतो. प्रतिभाताई १९६७ नंतर वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळात उपमंत्री झाल्या आणि पुढे समाजकल्याण, सार्वजनिक आरोग्य, शिक्षण, नगरविकास अशी खाती त्यांच्याकडे आली. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. आणि लेखी उत्तर बहुतेक वेळा विभागाने तयार केलेले असते. म्हणून मंत्र्याची पकड जोखायची असेल, तर मूळ उत्तरापेक्षा त्यावरील उपप्रश्नांना दिलेली उत्तरे वाचावीत. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असल्याने सरकारच्या प्रत्येक निर्णयाचे श्रेय किंवा दोष एका मंत्र्याच्या खात्यावर मांडणेही योग्य नाही.

१९७८ मध्ये शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुलोदचे (पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचे) सरकार आले आणि जुलै १९७९ ते फेब्रुवारी १९८० या काळात प्रतिभाताई विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. चरित्रांमध्ये या काही महिन्यांना एखादी ओळ मिळते. अभ्यासकाने मात्र येथे थांबावे. पूर्वी स्वतः सांभाळलेल्या खात्यांवर त्या विरोधी बाकांवरून काय बोलल्या, हे आधीच्या भाषणांशेजारी ठेवून वाचणे ही या अभ्यासातील सर्वांत फलदायी तुलना ठरू शकते.

चौथी भूमिका सर्वांत फसवी आहे. १८ नोव्हेंबर १९८६ ते ५ नोव्हेंबर १९८८ या काळात त्या राज्यसभेच्या उपसभापती होत्या. पीठासीन अधिकारी चर्चेत पक्षाची बाजू मांडत नाही आणि समसमान मते पडल्याखेरीज मत देत नाही, त्यामुळे भाषणे मोजणाऱ्याला ही वर्षे रिकामी वाटतात. प्रत्यक्षात येथे वाचायचे असतात ते निर्णय: औचित्याचा मुद्दा (कामकाज नियमांनुसार चालले नसल्याचा सदस्याचा आक्षेप) कसा निकाली काढला, गोंधळात कोणाला बोलू दिले, कामकाज केव्हा तहकूब केले. उपराष्ट्रपती हेच राज्यसभेचे पदसिद्ध सभापती असतात. जुलै १९८७ मध्ये सभापती रामस्वामी वेंकटरमण राष्ट्रपती झाल्यावर, सप्टेंबरच्या प्रारंभी शंकर दयाळ शर्मा उपराष्ट्रपती होईपर्यंत, सभापतिपदाची जबाबदारी प्रतिभाताईंकडेच होती. त्या एका वर्षात राज्यसभेचे आसन सांभाळणारे हे तिघेही राष्ट्रपतिपदापर्यंत पोहोचले, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. त्यावरून कोणताही सिद्धान्त मात्र काढू नये. कामकाजातून वगळलेले शब्द छापील नोंदीत नसतात, म्हणून वादळी दिवसांचे वाचन त्या काळच्या वर्तमानपत्रांशी पडताळून घ्यावे.

मतदानाच्या नोंदींवर फार भिस्त ठेवू नये. बहुतेक प्रस्ताव आवाजी मतदानाने संमत होतात, त्यामुळे कोणत्या सदस्याने काय मत दिले याची नोंदच राहत नाही. शिवाय पक्षांतरबंदी कायदा १९८५ मध्ये अमलात आल्यापासून पक्षादेश मोडणे म्हणजे सदस्यत्व धोक्यात घालणे झाले, म्हणून १९९१ नंतरच्या लोकसभेतील मतातून व्यक्तीचा कल वाचणे धाडसाचे ठरते. त्याऐवजी समित्यांचे काम पाहावे. प्रतिभाताई राज्यसभेत विशेषाधिकार समितीच्या (सभागृहाच्या व सदस्यांच्या विशेष अधिकारांचा भंग तपासणाऱ्या), तर लोकसभेत आवास समितीच्या (सदस्यांच्या निवासाची व्यवस्था पाहणाऱ्या) अध्यक्ष होत्या.

शेवटी, राजस्थानच्या राज्यपाल म्हणून नोव्हेंबर २००४ ते जून २००७ हा काळ या कारकिर्दीत मिसळू नये. त्याची नोंद स्वतंत्र ठेवावी. राज्यपाल विधिमंडळाचा घटक असला तरी सभागृहाचा सदस्य नसतो. तरीही ही नोंद टाकून देऊ नये, कारण २००६ मध्ये त्यांनी राजस्थानचे धर्मस्वातंत्र्य विधेयक स्वाक्षरी न करता परत पाठवले होते. त्यामुळे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०० खालील, विधेयकाला संमती देण्याच्या किंवा ते परत पाठवण्याच्या राज्यपालांच्या अधिकाराचा वापर आणि पुढे राष्ट्रपती म्हणून अनुच्छेद १११ खाली विधेयकांबाबत घेतलेले निर्णय यांची तुलना करायची असेल, तर सुरुवात याच प्रकरणापासून करावी लागते.