यूआरएक्सव्हीटी टर्मिनल बसवताना

जुन्या, कमी मेमरीच्या संगणकावर लिनक्सचा डेस्कटॉप चालवत असाल, तर आरएक्सव्हीटी-युनिकोड, म्हणजेच यूआरएक्सव्हीटी, हे टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उपयोगी पडते. डेबियन या लिनक्स वितरणाच्या सॉफ्टवेअर भांडारातून ते बसवल्यावर मेनूमध्ये सेटिंग शोधू नका, कारण कायमच्या सेटिंगचा मेनू त्यात नाही. फॉन्ट, रंग, स्क्रोलबार आणि मागे जपायच्या ओळींची संख्या हे सारे होम डिरेक्टरीतील डॉट-एक्सरिसोर्सेस या फाइलमध्ये लिहावे लागते. फाइल बदलल्यावर ती एक्सआरडीबी या आज्ञेने पुन्हा वाचायला लावावी आणि मग नवी खिडकी उघडावी.

मेमरीची खरी बचत डीमनमध्ये, म्हणजे पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आहे. यूआरएक्सव्हीटीडी हा डीमन एकदा सुरू करून प्रत्येक खिडकी यूआरएक्सव्हीटीसी या आज्ञेने उघडल्यास सर्व खिडक्या एकाच प्रोसेसमध्ये चालतात. मात्र ती प्रोसेस कोसळली, तर सगळ्याच खिडक्या एकदम बंद होतात, म्हणून महत्त्वाचे काम टीमक्समध्ये चालवावे; खिडकी बंद झाली तरी हा प्रोग्रॅम आतील काम चालू ठेवतो.

एसएसएच या सुरक्षित जोडणीने दूरच्या सर्व्हरवर गेल्यावर बॅकस्पेस विचित्र वागू लागला, तर तेथे या टर्मिनलची टर्मइन्फो नोंद (टर्मिनलच्या क्षमतांचे वर्णन) नसण्याची शक्यता असते. तात्पुरता उपाय म्हणून सर्व्हरवरील टर्म या एन्व्हायर्नमेंट चलाची किंमत एक्सटर्म करावी.

देवनागरीतील जोडाक्षरे मात्र येथे नीट जुळत नाहीत. मराठी मजकूर वाचायचा असल्यास दुसरे टर्मिनल वापरावे.