गॅस सिलिंडर घेताना या चुका टाळा

सिलिंडर दारात आला की आपण सील बघतो, पैसे देतो आणि डिलिव्हरीवाल्याला मोकळं करतो. मुठीला जोडलेल्या उभ्या पट्ट्यांकडे सहसा कुणी वाकून बघत नाही. खरी माहिती असते तिथेच, आतल्या बाजूला रंगवलेली.

जे बघतात, त्यांतले बरेच जण ‘बी-२८’ वाचून गॅसची एक्स्पायरी समजतात. तसा मेसेजही अधूनमधून फिरत असतो. गॅस काही दुधासारखा नासत नाही. ही तारीख टाकीच्या पुढच्या चाचणीची. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आकडे वर्षाचे. बी-२८ ची मुदत जून २०२८ पर्यंत. त्यानंतर पाण्याच्या दाबाची चाचणी झाल्याशिवाय त्यात गॅस भरायचा नसतो. नव्या टाकीची पहिली चाचणी १० वर्षांनी, मग दर ५ वर्षांनी. मुदत उलटलेला सिलिंडर लगेच फुटेल असं नाही, पण तो घ्यायचा कशाला? दारातूनच परत पाठवा. खुणा खरवडलेल्या असतील तरीही मी तेच करीन.

वजनाचा घोळ वेगळाच. शेजारच्यांचा सिलिंडर ३० किलो भरला आणि आपला २९.५, म्हणून भांडायला जाऊ नका. रिकाम्या टाकीचं वजन प्रत्येकीचं निराळं असतं आणि ते तिच्यावरच लिहिलेलं असतं. १५.३ असेल तर त्यात घरगुती गॅसचे १४.२ मिळवा: २९.५. काटा मागायला लाजू नका.

रेग्युलेटर लावल्यावर वास आला की दोष रेग्युलेटरला दिला जातो. पुष्कळदा व्हॉल्व्हमधली रबरी रिंग चिरलेली असते, नाहीतर नसतेच. म्हणून डिलिव्हरीवाला समोर असतानाच टोपी काढून रिंग बघा, साबणाचं पाणी सोडून बुडबुडे येतात का पाहा. काडी ओढून तपासणारे अजूनही भेटतात!

वास पसरलाच तर दिवा-पंख्याच्या बटणाला हात लावू नका. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर काढून टोपी घट्ट बसवा, बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा. ती टोपी दोरीला लटकलेली असते. पोरांनी खेळायला नेली असेल, तर आजच शोधून ठेवा.