उद्धट वागणुकीची तक्रार: काय लिहायचं, काय खोडायचं

सोलापुरात दिवसभरात चार भाषा कानावर पडतात. बाळीवेशीत कन्नड, अशोक चौक आणि साखर पेठेकडे तेलुगू, विजापूर वेशीत उर्दू-हिंदी आणि या सगळ्यांत मिसळलेली मराठी. त्यामुळे इथे कुणाशी खटका उडाला की सांगताना पहिला शब्द हमखास समोरच्याच्या भाषेचा किंवा समाजाचा येतो. ‘एक तेलुगू रिक्षावाला’, ‘ती कानडी बाई’, ‘मुसलमान दुकानदार’, ‘यूपीचा भैय्या’. बोलणाऱ्याच्या मनात दरवेळी द्वेष असतोच असं नाही. समोरच्याला ओळख पटावी म्हणून शब्द घातला, असं त्याला वाटतं. पण ओळख पटत नाही. अशोक चौकातल्या स्टँडवर ‘तेलुगू रिक्षावाला’ विचारत गेलात तर निम्मी रांग पुढे येईल. एमएच-१३ आणि पुढचा पूर्ण क्रमांक सांगितलात तर एकच रिक्षा निघेल.

दुसरं नुकसान तक्रार पोचल्यावर होतं. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडून खुलासा मागवतात. तक्रारीत जात, धर्म किंवा भाषा आलेली असली की त्याला खुलासा लिहिणं सोपं जातं: ‘मी अमुक समाजाचा असल्याने आकसाने तक्रार केली आहे.’ पुढची सगळी चर्चा त्या एका वाक्यावर होते, आणि त्याने मधल्या रस्त्यात उतरवलं, की पावती द्यायला नकार दिला, ते बाजूलाच राहतं. शिवाय कागद वाचणारा अधिकारी किंवा कारकून त्याच समाजाचा असू शकतो. त्याने तुमच्या बाजूने मन लावून चौकशी करावी अशी अपेक्षा असेल तर पहिल्याच ओळीत त्याच्या घरादाराला बोल लावून चालणार नाही. आणि ज्या बाकीच्या हजारो लोकांनी काहीच केलं नाही, त्यांच्यावर तो बोल विनाकारण लागतो, हे तर सगळ्यात वाईट.

आधी टिपण, मग तक्रार

घटनेनंतर पंधरा-वीस मिनिटांत मोबाइलवर टिपण करा. राग उतरेपर्यंत थांबून लिहायला बसलात तर नेमके शब्द विसरतात आणि त्यांच्या जागी विशेषणं येतात. टिपणात पाच गोष्टी हव्यात: कोण (गाडीचा क्रमांक, बिल्ला, खिडकी क्रमांक, पद), कुठे, किती वाजता, काय बोललं-केलं गेलं, आणि तुम्हाला काय हवं आहे.

वाहन असेल तर क्रमांक पूर्ण घ्या. सोलापूरची पाटी एमएच-१३, पण जिल्ह्यातच अकलूजची एमएच-४५ आहे. विजापूरकडच्या गाड्या केए-२८, गुलबर्ग्याकडच्या केए-३२. एसटी बसच्या बाबतीत एक चूक वारंवार होते: सोलापूर आगाराची बस म्हणून लोक अंदाजाने ‘१३’ लिहितात. एसटीच्या पुष्कळ बसगाड्यांची बांधणी महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत होते, म्हणून पाटीवर एमएच-१४, एमएच-२० किंवा एमएच-४० दिसतं. क्रमांक चुकला की गाडी सापडत नाही आणि तक्रार निकाली निघते. तिकीट फेकू नका, आणि त्याच दिवशी त्याचा फोटो काढा. त्या कागदावरची छपाई लवकर पुसट होते.

‘केए पासिंगवाले असेच’ हे वाक्य मात्र टिपणातसुद्धा नको. केए ही अक्षरं क्रमांकात आलेलीच आहेत, तेवढी पुरेत.

छातीवर नावाची पट्टी असेल तर नाव लिहा. नाव आणि बिल्ला हे ओळख पटवायचं रीतसर साधन आहे, त्यात गैर काही नाही. फक्त सोलापुरात आडनावावरून समाज लगेच कळतो, म्हणून नुसत्या आडनावावर थांबू नका. पद, पूर्ण नाव आणि क्रमांक एकत्र द्या आणि पुढे सगळीकडे ‘सदर चालक’, ‘सदर कर्मचारी’ असंच लिहा. दर ओळीत आडनाव घोकलं की तक्रारीचा सूर बदलतो.

शब्द झाकून बघायची रीत

मसुदा लिहून झाला की माणसाबद्दलच्या प्रत्येक शब्दावर बोट ठेवा आणि तो झाकून वाक्य वाचा. वर सांगितलेल्या पाच गोष्टींपैकी एकही कमी झाली नाही, तर तो शब्द खोडा. तरी शंका राहिली तर दुसरी कसोटी: त्या जागी स्वतःच्या समाजाचं नाव घालून मोठ्याने वाचा. आपल्याच माणसाने असं केलं असतं तर ‘एका मराठी रिक्षावाल्याने’ असं लिहिलं असतं का? नसेल लिहिलं, तर तो शब्द ओळख पटवायला आलेला नाही.

उघड शब्द लगेच सापडतात. आडून येणारे सापडत नाहीत, त्यांच्यासाठी मसुदा पुन्हा वाचावा लागतो. ‘ह्या लोकांना’, ‘त्यांच्यातले’, ‘असले लोक’, ‘बाहेरून आलेले’ ही पहिली फळी. मग दिसण्यावरचे: दाढीवाला, टोपीवाला, बुरखेवाली, काळा, लंगडा. मग पत्त्यावरचे: ‘पूर्व भागातला’, ‘झोपडपट्टीतला’. सरकारी कचेरीतल्या तक्रारीत ‘कोट्यातून लागलेला’ हा शब्द फार येतो. खिडकीवरच्या माणसाने दाखल्याला उशीर लावला, तर त्याची भरती कशी झाली याचा त्या उशिराशी काडीचा संबंध नाही, आणि तो शब्द वाचणाऱ्याला तुमच्याबद्दलच काहीतरी सांगून जातो. ‘म्हातारा’, ‘बाई असून’, ‘एवढी शिकलेली असून’ हेही त्याच पंगतीतले.

मराठीतले दोन शब्द तर खास तपासा: ‘असूनही’ आणि शेवटचा ‘च’. ‘अमुक समाजाचा असूनही नीट बोलला’ हे कौतुक वाटतं, पण त्यात बाकीच्यांबद्दलचा निकाल आधीच दिलेला असतो. ‘शेवटी जात दाखवलीच’, ‘जातीवर गेला’ हे वाक्प्रचार आपण सवयीने वापरतो. लेखी तक्रारीत ते आले तर कागद तुमच्यावरच उलटतो.

‘सेटलमेंटचा’ हा सोलापुरी शब्दही याच यादीत घाला. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींत जन्मलेल्या माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, आणि त्यांना तारेच्या कुंपणात ठेवायच्या वसाहतींपैकी एक सोलापुरात होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभरातून गेला, त्या जमाती विमुक्त झाल्या, वस्तीचं नाव राहिलं. पत्ता म्हणून ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ लिहायला काहीच हरकत नाही, जसं ‘भैया चौक’ लिहितो तसं. माणसाला विशेषण म्हणून लावलं की त्या जुन्या कायद्याचंच काम आपण पुढे चालवतो. ‘भामटा’ ही शिवीसुद्धा एका जमातीच्या नावाशी जोडलेली आहे. फसवणूक झाली असेल तर ‘फसवणूक केली’ असं लिहा.

वागणूक कशी लिहायची

ओळखीचा शब्द काढला की मसुदा रिकामा वाटतो. याचं कारण तो शब्दच आतापर्यंत तपशिलाची जागा अडवून बसलेला असतो. ‘उद्धट’, ‘माजोरडा’, ‘मग्रूर’ यांनीही काही कळत नाही. बोललेलं वाक्य जसंच्या तसं अवतरणात द्या, शिवीसकट. किती वेळा विचारलं, किती मिनिटं थांबवलं, कागद हातात दिला की काउंटरवरून ढकलला, हे लिहा.

एकेरी बोलण्याबद्दल थोडं सबुरीने. सोलापुरात ‘काय बे’, ‘ये की’ हे मित्रांतच नव्हे, दुकानातही चालतं, आणि ज्यांच्या घरात तेलुगू किंवा कन्नड बोलतात त्यांच्या मराठीत ‘तू-तुम्ही’ची सरमिसळ होते. नुसतं ‘तू’ म्हटलं एवढ्यावर तक्रार करू नका. अपमान करायचा हेतू पुढच्या शब्दांत दिसतो, तो लिहा.

घटनेतली भाषा मात्र कधीकधी लिहावी लागते. कर्मचारी तुमच्याशी कन्नडमध्ये बोलला, तुम्हाला समजलं नाही, मराठीत किंवा हिंदीत सांगा म्हटल्यावर नकार दिला, तर तो तपशील घटनेचाच भाग आहे. ‘उत्तर कन्नडमध्ये दिले, विनंती करूनही मराठीत सांगितले नाही’ असं लिहा. ‘कानडी कर्मचारी’ असं लिहायची गरज त्यातही पडत नाही.

मराठी व्याकरण इथे मदतीला येतं. ‘वाहकाने तिकीट दिले नाही’, ‘लिपिकाने अर्ज परत केला’ या रचनेत क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, त्यामुळे करणारा बाई की पुरुष हे सांगावंच लागत नाही. ‘म्हणाला-म्हणाली’ऐवजी ‘सांगितले’ वापरलं की तेही सुटतं. क्रमांक, बिल्ला, नाव काहीच मिळालं नसेल तर अंदाजे वय, कपड्यांचा रंग, चष्मा, स्त्री की पुरुष हे वर्णन द्यावंच लागेल, ते जरूर द्या.

आता हा मसुदा पाहा: ‘काल स्टेशनवरून येताना एका तेलुगू रिक्षावाल्याने फार माज केला. ह्या लोकांना बोलायची पद्धतच नाही. जास्त पैसे मागितले आणि मध्येच उतरवलं. कडक कारवाई व्हावी.’

यावरून आरटीओ कचेरीला काहीच करता येणार नाही. तोच प्रसंग असा लिहा:

‘विषय: रिक्षा क्र. एमएच-१३-…… च्या चालकाच्या वर्तनाबाबत.
दि. …… रोजी सायंकाळी ६.२० वाजता सोलापूर रेल्वे स्टेशनसमोरून जुळे सोलापूरला जाण्यासाठी वरील रिक्षा केली. मीटर लावण्यास चालकाने नकार दिला व ८० रुपये सांगितले, ते मी मान्य केले. सात रस्त्याला रिक्षा थांबवून चालकाने १२० रुपये मागितले. ठरलेल्या रकमेची आठवण दिल्यावर “परवडत नसेल तर उतर, भिकारी कुठला” असे बोलून माझी बॅग रस्त्यावर ठेवली. पुढे नेण्यास नकार दिल्याने मला तेथेच उतरावे लागले. रिक्षाच्या पाटीचा फोटो सोबत जोडला आहे. चौकशी करून कारवाई करावी व मला लेखी कळवावे.’

मीटर आणि भाडं नाकारणं या दोन गोष्टी मुद्दाम आल्या आहेत. प्रवासी न्यायला नकार देण्याबद्दल मोटार वाहन कायद्यात कलम १७८ आहे.  वाईट बोलण्यासोबत नियम मोडला असेल तर नियमाची गोष्ट आधी घ्या, म्हणजे कारवाईला आधार मिळतो.

ओळख लिहावीच लागते ते प्रसंग

समोरच्याने तुमच्या जातीवरून, धर्मावरून, अपंगत्वावरून अपमान केला असेल तर ते दडपू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, कितीही घाण असले तरी. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ खाली फिर्याद द्यायची असेल तर फिर्यादी त्या प्रवर्गातला आहे आणि आरोपी त्यात मोडत नाही, या दोन्ही गोष्टी गुन्ह्याच्या व्याख्येतच आहेत. तिथे दोघांची जात सांगावी लागते. प्रकार लोकांसमक्ष घडला का, कोण ऐकत होतं, हेही नोंदवा. अपंग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केला तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ९२ लागू होतं. अशा वेळी उलट शिवी देऊ नका. तुमचा तो एक शब्द पुढे तुमच्याविरुद्ध वापरला जातो.

तोंडी सांगताना

लेखी तक्रारीत सांभाळलेलं तोंडी निसटतं. साहेब स्वतःच विचारतात, ‘कोण होता? त्यांच्यातला का?’ तेव्हा होय-नाही न म्हणता ‘खिडकी क्रमांक चार, दुपारी साडेतीनची गोष्ट’ एवढंच सांगा. पुन्हा विचारलं तर ‘ते मला माहीत नाही साहेब, झालं काय ते सांगतो’ म्हणून पुढे चालू लागा. सोसायटीत वॉचमनबद्दल बोलतानाही असंच: तो कुठल्या राज्यातला, हे न सांगता रात्री किती वाजता गेट बंद होतं ते सांगा.

कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नावही नको. नाव आणि क्रमांक कारवाई करणाऱ्याला द्यायचे असतात. व्हिडिओ काढून ‘बघा हे लोक’ असं लिहून पुढे ढकलणं धोक्याचं आहे. धर्म, जात, भाषा, जन्मस्थान यांवरून समाजांत वैर वाढवणारा मजकूर पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये येतं, जुन्या कायद्यातलं १५३-अ ते हेच.

कुठे द्यायची

एसटीची तक्रार आधी स्थानकप्रमुख किंवा आगार व्यवस्थापकाकडे, मग विभाग नियंत्रकाकडे. रेल्वेची १३९ वर किंवा रेल्वेच्या रेलमदत या तक्रार-पोर्टलवर, पीएनआर क्रमांकासह. दुकान किंवा कंपनीची ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. बँकेला आधी लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मारहाण किंवा धमकी असेल तर थेट ११२. कागदावर तक्रार देताना दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसेल तर पंधरा दिवसांनी स्मरणपत्र कशाच्या आधारावर देणार?

आणि तो शब्द आधीच लिहून पाठवला गेला असेल तर? व्हॉट्सॲपवर पहिल्या पंधरा मिनिटांत संदेश दुरुस्त करता येतो. त्यानंतर तो सगळ्यांसाठी काढून टाका आणि दुरुस्त मजकूर पुन्हा टाका. कचेरीत दिलेला कागद परत मागू नका, मिळणार नाही. आवक क्रमांक घालून दोन ओळींचा दुरुस्ती अर्ज द्या: ‘माझ्या दि. …… च्या तक्रारीतील “……” हा उल्लेख अनावश्यक असून तो वगळण्यात यावा. उर्वरित तक्रार कायम आहे.’ याचीही पोच घ्या आणि मूळ प्रतीला टाचून ठेवा.