प्रत्येक पायथन प्रोजेक्टला वेगळं व्हेन्व्ह (त्या प्रोजेक्टपुरती लायब्रऱ्यांची वेगळी जागा) करा रे बाबांनो

लासलगावच्या कांदा भावांची एक स्क्रिप्ट होती माझी, पांडास (डेटा हाताळायची पायथन लायब्ररी) १.५ वर मस्त चालायची, मग दुसऱ्याच कामासाठी पिपने (पायथनची पॅकेजेस टाकणारं टूल) तिचं अपग्रेड मारलं आणि डेटाफ्रेमचं अपेंडच, म्हणजे तक्त्याला ओळी जोडायची सोयच गायब! २.० मध्ये ते काढूनच टाकलंय. रात्री साडेअकराला कॉलेज रोडच्या रूमवर डोकं धरून बसलो होतो.

आता नवीन फोल्डर केला की पहिलं काम व्हेन्व्ह. पायथन ३.३ पासून ते सोबतच येतं, उबंटूवर तेवढं वेगळं पॅकेज टाकावं लागतं. पायथन थ्री, डॅश एम, व्हेन्व्ह आणि शेवटी डॉट व्हेन्व्ह हे फोल्डरचं नाव, एवढीच कमांड, मग ॲक्टिव्हेट करायचं आणि प्रॉम्प्टच्या आधी कंसात नाव दिसलं की मगच पिप इन्स्टॉल. सुडो पिप, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने पिप, तर अजिबात नको, सिस्टीमचं पायथन बिघडलं की बसा मग उबंटू परत टाकत.

गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणारं टूल) ते व्हेन्व्हचं फोल्डर टाकू नका, पिप फ्रीझ करून, म्हणजे टाकलेल्या पॅकेजेसची यादी काढून, रिक्वायरमेंट्स फाईल तेवढी टाका. आणि हो, फोल्डर दुसरीकडे हलवला तर व्हेन्व्ह धड चालत नाही, आत जुना पाथ लिहिलेला असतो, सरळ डिलीट मारून नवीन करायचं, दोन मिनिटांचं काम आहे.