थंडीत इंजिन सुरू होईना? प्रायमर बसवताना या चुका टाळा

स्वतः बांधलेल्या विमानाला प्रायमर बसवणं हे वरवर पाहता अर्ध्या दिवसाचं काम. एक हातपंप, थोडी तांब्याची नळी, दोन-तीन नोझल. म्हणूनच ते घाईत उरकलं जातं. पण प्रायमर म्हणजे थंड इंजिन सुरू करण्यासाठी कार्ब्युरेटरला वळसा घालून सिलिंडरपर्यंत जाणारी पेट्रोलची दुसरी वाट, आणि ती वाट नको तेव्हा उघडी राहिली की भोगावं लागतं.

माझंच सांगतो. इंजिन आयडलला (सर्वात कमी वेगावर) धडधडायचं, काळा धूर सोडायचं, मिक्श्चरची (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारी) मूठ पूर्ण ओढून पेट्रोल तोडलं तरी पटकन बंद व्हायचं नाही. दोन संध्याकाळी कार्ब्युरेटरशी झटापट केली. दोष निघाला प्रायमरच्या मुठीत! पिन खाचेत नीट बसलीच नव्हती, आणि आयडलला मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) व्हॅक्यूम जोरदार असल्यामुळे इंजिन तिथून पेट्रोल ओढून घेत होतं. तेव्हापासून मूठ फिरवून लॉक केली की एकदा ओढून बघतो. लॉक करूनही तीच लक्षणं दिसली तर ओ-रिंग झिजली असेल. प्रायमरची नळी सोडवून दोन्ही तोंडं पक्की बंद करा आणि इंजिन चालवा. धडधड थांबली, तर चोर सापडला.

नळीची चूक सगळ्यात जास्त दिसते. इंजिन रबरी माउंटवर हलतं, फायरवॉल (इंजिन आणि कॉकपिटमधली भिंत) जागची हलत नाही, आणि मधे 1/8 इंची तांब्याची नळी सरळ ताणून बसवलेली असते. थरथरीने तांबं कडक होत जातं आणि एक दिवस जोडाजवळ तडकतं. मधे एक-दोन वेटोळी ठेवा, नळी क्लॅम्पने बांधा, एक्झॉस्टपासून लांब न्या. 100 एलएल हे विमानाचं पेट्रोल निळं असतं, त्यामुळे जोडाशी निळा डाग दिसला तर तो पुसून पुढे जाऊ नका.

आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचा एक तुकडा सुटून नोझलच्या बारीक भोकात बसला की ते सिलिंडर कोरडं राहतं आणि त्याच्या वाट्याचं पेट्रोल शेजारच्यात जातं. पेट्रोलला टिकणारं सीलंट वापरा, तेही पहिला आटा सोडून. मग उघड्यावर, आग विझवायचं साधन हाताशी ठेवून, नोझल काढून एकेका छोट्या बाटलीत सोडा आणि हातपंपाचा एक स्ट्रोक मारा. बाटल्यांमधली पातळी सारखी हवी. ही चाचणी मला कुठल्याही गेजपेक्षा भरवशाची वाटते.

सॉलेनॉइडवाला (विजेच्या झडपेचा) प्रायमर सोयीचा खरा, पण त्याला मागून दाब लागतो. नुसत्या उतारावर चालणाऱ्या टाकीवर तो जेमतेम ठिबकतो. त्याचं बटण दाबून धरेपर्यंतच चालणारं हवं.

कार्ब्युरेटर इंजिनाच्या खाली असेल, तर प्रायमरऐवजी थ्रॉटल मागेपुढे करत बसू नका. इंजिन फिरत नसताना त्याने फवारलेलं पेट्रोल वर चढत नाही, एअरबॉक्समध्ये (कार्ब्युरेटरला हवा देणाऱ्या डब्यात) ठिबकतं, आणि एका बॅकफायरला पेटतं. तसं झालंच तर स्टार्टर सोडू नका, म्हणजे ज्वाळा आत ओढली जाते; मिक्श्चर आणि पेट्रोलचा कॉक मात्र लगेच बंद करा.

बिंग कार्ब्युरेटर असलेल्या रोटॅक्स 912 इंजिनावर चोक (थंडीत जादा पेट्रोल देणारी सोय) असतो आणि तो थ्रॉटल पूर्ण मिटलेला असतानाच काम करतो. तिथे प्रायमर लावण्याआधी तेवढं तपासा.

शेवटी जादा स्ट्रोक. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं. आणि कडक थंडीत इंजिन दोन-चार फेरे धडधडून गप्प झालं, तर पुन्हा प्राइम करण्याआधी प्लग काढून बघा: ज्वलनातून निघालेली वाफ इलेक्ट्रोडवर गोठून बर्फ झालेली असू शकते. मग कितीही पेट्रोल मारा, ठिणगी पडणार नाही. प्लग उबदार जागी सुकवा आणि इंजिन प्रीहीट करा, म्हणजे सुरू करण्याआधी गरम करा. इंजिन बनवणारी लायकॉमिंग कंपनी आपल्या बहुतेक इंजिनांसाठी उणे 12 अंश सेल्सिअसच्या खाली प्रीहीट करायला सांगते. मी तर शून्याखालीच हीटर लावतो.